आधी श्रेणी, मग जेवण

माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. भाजीवाल्यानं काटा सरळ धरला तरी मी वाकून पारड्याखाली बघते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या की पाकीट उलटंपालटं करून तारीख वाचते. आमचे हे म्हणतात, "लग्नात अंतरपाटाखालून माझे पाय बघून घेतले असशील तू." बघितले होतेच. या स्वभावाचं घरात कधी कुणी कौतुक केलं नाही. नोकरीत केलं, म्हणजे शिक्षकांनी माझं नाव सीआयडी मॅडम ठेवलं.

मी केंद्रप्रमुख होते. बाहेरच्या माणसाला हा हुद्दा कळत नाही. कुणाला वाटतं परीक्षेचं केंद्र, कुणाला वाटतं खताबियाणांचं. तर जवळजवळच्या दहा-बारा शाळांचा एक गट, त्याला केंद्र म्हणतात. त्या शाळांमध्ये जाऊन, वर्गात मागच्या पट्टीवर बसून, गुरुजी काय शिकवतात आणि पोरांना खरंच काय येतं हे बघणारी बाई म्हणजे मी. माझं केंद्र सोनाळ्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी होतं. माझी स्कूटी गावच्या वळणावर दिसली की एखादा पोट्टा पळत शाळेत जाऊन वर्दी द्यायचा. म्हणून मी पुढे पुढे स्कूटी गावाबाहेर लावून पायी जायला लागले.

आता मुद्द्याचं. लहान वर्गातल्या पोराला श्रेणी कोण देतं? त्याचे स्वतःचे गुरुजी. तेच शिकवतात, तेच तोंडी विचारतात, तेच पेपर तपासतात आणि प्रगतीपत्रकावर अ-१ की ब-२ तेही तेच लिहितात. म्हणजे जिनं भाजी केली तिनंच चाखून सांगायचं, मीठ बरोबर पडलंय का. हे ऐकून तुम्हाला वाटेल, मग बाईंचा या पद्धतीवर राग असणार. मुळीच नाही. मला ती मनापासून पटलेली आहे. लेकराला काय येतं हे त्याच्या शिक्षकाइतकं कोणत्याही छापील पेपरला कळत नाही. ही पोरगी सकाळी कापूस वेचून शाळेत आली म्हणून आज पेंगते आहे, हे पेपरला काय ठाऊक? पण पद्धत पटणं वेगळं आणि डोळे मिटून घेणं वेगळं.

शिक्षक लबाड असतात असंही मला म्हणायचं नाही. काही असतात, मी त्यांना नावानिशी ओळखते. पण पुष्कळदा त्यांचं त्यांनाच कळत नाही. एकदा दुसरीतल्या एका गड्याला मी पुस्तक दिलं आणि वाच म्हटलं. काय घडाघडा वाचायला लागला! गुरुजींची छाती फुगली. मी हळूच पानावर तळहात ठेवला. गडी थांबेना. माझ्या हाताखालचा मजकूरही त्यानं वाचला आणि पुढच्या पानावरचाही वाचायला लागला. तेवढ्यात शेजारचा ओरडला, "अबे, पान त पलट!" सगळं पुस्तक त्याला तोंडपाठ होतं. अक्षर एक येत नव्हतं. गुरुजी बिचारे खरंच चकित झाले. त्यांनी वर्षभर त्याला तेच पुस्तक वाचताना ऐकलं होतं.

म्हणून मी अदलाबदल सुरू केली. सत्र संपताना वाचन आणि तोंडी परीक्षा आपल्या वर्गाची आपण घ्यायची नाही, शेजारच्या गावच्या शिक्षकानं येऊन घ्यायची. नवा माणूस, नवा उतारा. आणि पोराच्या श्रेणीत त्याचा शब्द धरायचा. शिक्षकांनी कुरकुर केली, मग अंगवळणी पडलं. तालुक्याच्या बैठकीत माझं कौतुक झालं. इतकं सुरळीत चाललेलं बघून मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि एक दिवस माझ्या खोलीच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. अंगात शर्ट, गळ्यात उपरणं, बोटांना मिरची तोडून आलेला हिरवट रंग. नाव गजानन. वांगी-मिरचीचा मळा करायचा आणि बाजारात स्वतः दुकान मांडायचा.

"तुमीच का त्या तपासणीवाल्या मॅडम?"

"हो. बसा ना."

"बसत नाही. एक सांगा. माह्या वैष्णवीले गावच्या शाळेत चारही वर्षं अ भेटला. आता पाचवीले मोठ्या गावच्या शाळेत टाकली, त तथचे सर म्हणते तिले वाचताच येत नाही. एप्रिलात नापास होईल म्हणते. मंग हे अ कायचे होते?"

त्यानं पिशवीतून प्रगतीपत्रकं काढून माझ्या टेबलावर मांडली. पाचवीला आता वार्षिक परीक्षा असते. नापास झालं तर फेरपरीक्षा, त्यातही नापास झालं तर त्याच वर्गात पुन्हा. हे मी त्याला समजावायला गेले तर त्याला ते माझ्याआधी माहीत होतं.

"मले वाचता येत नाही मॅडम. सही येते, बस. म्हणून त तुमच्या अ वर भरवसा ठेवला. आमी बाजारात क्रेट भरतो, त वरतून चांगले टमाटे ठेवतो अन् खाली गळके. खोटं काऊन बोलू? पण गिऱ्हाईक खाली हात घालून पाहू शकते. मी कुठी हात घालू?"

तो पुढे म्हणाला, "तिची आजी म्हणते, नापास झाली त घरीच राहू द्या, मळ्यात हात लागते. मी म्हणतो शिकवू. पण आजीले सांगू काय? मलेच समजून नाही राह्यलं ते खरं कोणतं."

पोरीची शाळा राहते की सुटते, ते त्या एप्रिलवर अडलं होतं. त्याच दिवशी मी वैष्णवीला गाठलं. पोरगी मोठी चुणचुणीत. चौथीची कविता म्हण म्हटलं तर हातवारे करून म्हणून दाखवली. मग तिनं कधी न पाहिलेला साधा उतारा पुढे ठेवला. सरळ अक्षरं ती कशीबशी लावायची, जोडाक्षर आलं की माझ्या तोंडाकडे बघायची. माझ्या भुवईवरून उत्तर ओळखायची तिला सवय होती. तोंड फिरवून बसले तर ती गप्पच झाली.

माझा पहिला संशय अर्थातच राऊत सरांवर गेला, तिच्या गावच्या गुरुजींवर. माणूस लोकप्रिय, गावात घर करून राहणारा, सगळ्यांच्या लग्नात पुढे. अशा माणसांचा मला जास्तच संशय येतो. दुसऱ्या दिवशी न सांगता त्यांच्या शाळेत धडकले आणि गेल्या वर्षीच्या चौथीचं श्रेणीचं दप्तर मागितलं. शेवटच्या सत्राचं वाचन राऊत सरांनी घेतलेलं नव्हतं. अदलाबदलीत आलेल्या इंगळे मॅडमनी घेतलं होतं आणि वैष्णवीपुढे 'अ' त्यांनीच लिहिला होता.

मी खुर्चीवर बसले. माझ्या सगळ्या केंद्रात मी संशय घेत नव्हते अशा या एकच बाई. कडक, नेमक्या, तोंडदेखलं न बोलणाऱ्या. स्वतःच्या पुतण्याला त्यांनी क-१ दिला होता आणि जावेचा अबोला ओढवून घेतला होता. तीच बाई शेजारच्या गावात जाऊन असा अ कसा देते?

मधल्या सुट्टीत मी त्यांच्या शाळेच्या ओट्यावर जाऊन बसले. पोरं खिचडी खात होती. मी सरळ विचारलं. त्यांनी हातातला खडू ओट्यावर ठेवला.

"पोरगी अडखळली होती मॅडम. मी म्हटलं, नवी बाई पाहून लाजली असेल."

"तुम्हाला लाजणं आणि न येणं यातला फरक कळत नाही? खरं सांगा."

"सकाळी गेल्या गेल्या राऊत सरांच्या घरी जेवण होतं," त्या म्हणाल्या. "पातोडीची भाजी, भाकरी, ठेचा, वरून शिरा. तुम्हाला वाटंल जेवणाला भुलली. तसं नाही. माझी आई सरांच्याच गावात मजुरीला जायची. आम्ही बौद्ध. तिला तिथं ओसरीखाली उभं राहून वरून ओतलेलं पाणी भेटायचं. अन् मला सरांच्या घरच्या माउलीनं आत चुलीजवळ पाट टाकून वाढलं. 'इंगळे ताई, लाजू नका' म्हणत दोन भाकरी आग्रहानं वाढल्या. तिथून उठून मी शाळेत गेली. मग सरांच्या वर्गातल्या पोरीपुढं ब-२ लिहायला हात कसा उचलणार होता, तुम्ही सांगा."

मग मी एकेका शाळेत चौकशी लावली. सगळीकडे हेच. परीक्षेला येणारा शिक्षक म्हणजे गावचा पाहुणा. कुठं भरीत-भाकरी, कुठं पानगे, कुठं हुरडा, मटण करणारे तर आदल्या दिवशी निरोप घालायचे. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या वर्गाला वाईट कोण लिहिणार? शिवाय आठवड्यानं तोच पाहुणा यजमान होणार, म्हणजे आहेराची परतफेड. मी उभ्या केलेल्या तपासणीची आमच्या लोकांनी सोयरीक करून टाकली होती. आणि लबाडी कुणीच केली नव्हती.

पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत, मी जाहीर केलं: अदलाबदलीच्या दिवशी डबा आपापला. यजमानाचा चहासुद्धा चालणार नाही.

काय गोंधळ झाला म्हणून सांगू! राऊत सर तर उभेच राहिले. "मॅडम, पाहुण्याले चहा नाही म्हणजे आमच्या गावाची इज्जत काढता तुमी! लोक म्हणतीन, सर कंजूस झाले." दुसरे कोणी म्हणाले, "सरळ म्हणा ना, आमच्यावर संशय आहे तुमचा." मी म्हटलं, "आहेच. माझा माझ्यावरही आहे." हे ऐकून काही हसले, पण वातावरण तापलेलंच होतं.

मग इंगळे मॅडम बोलल्या. त्या बैठकीत सहसा बोलत नसत. "जेवण बंद करू नका मॅडम. ज्या घरात आमच्या मागच्या पिढीला कोणी आत घेतलं नाही, तिथं आज पाट मांडतात. ते कायद्यानं बंद करू नका. फक्त आधी पोरांचं वाचन घेऊ, श्रेणी लिहू, सगळ्यांदेखत वाचून दाखवू. मग जेवू."

राऊत सरांनी खाली मान घातली. मी तो ठराव तिथंच लिहून घेतला, कोणाचं मन बदलायच्या आत. शिवाय कोण कोणाच्या शाळेत जाणार याची चिठ्ठी परीक्षेच्या दिवशी सकाळीच काढायची असंही ठरवलं, कारण माझा स्वभाव.

पहिल्या वेळची जेवणं बघण्यासारखी झाली असं ऐकते. पाहुण्यानं अर्ध्या वर्गाला ब आणि क लिहिलेले, आणि यजमान समोर बसून वाढतोय. एका घरात म्हणे भाकरी मोडल्याचा आवाजही ऐकू येत होता. पण कोणी उपाशी परत गेलं नाही, हेही खरं.

दुसरं एक काम आम्ही त्याच परिषदेत सुरू केलं. एकाच मुलाचा 'आमचा बाजार' हा निबंध मी सगळ्यांना वाटला, नाव झाकून, आणि दहापैकी गुण द्या म्हटलं. एकानं नऊ दिले, एकानं तीन. नऊवाले म्हणाले, अक्षर मोत्यासारखं आहे. तीनवाले म्हणाले, "पोरगा 'मले' लिहितो, 'मायनं आणलं' लिहितो." त्यावर इंगळे मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही आत्ता चहावाल्याला काय म्हटलं? 'मले साखर कमी' म्हटलं." सगळे हसले, सरही हसले. मग तासभर भांडण. मजकूर किती, विचार किती, शुद्धलेखन किती. शेवटी सगळे पाच-सहावर आले. बाहेरच्यांना हे पोरखेळ वाटेल, पण एका गावचा अ आणि दुसऱ्या गावचा अ सारखा असायचा तर आधी अ म्हणजे काय यावर असं भांडावंच लागतं, आणि दर वेळी नव्यानं भांडावं लागतं. एकदा ठरलं आणि संपलं असं ते होत नाही.

सत्राचे आकडे तालुक्याच्या कचेरीत पोचले तेव्हा तिथल्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, तुमचं केंद्र एकदम घसरलं कसं? बाकीच्यांचं वाढून राह्यलं."

"घसरलं नाही साहेब. होतं तिथंच आहे. आता दिसायला लागलं."

"असं लिहून द्याल का?"

"देते," मी म्हटलं आणि दिलं. पुढे त्याचं काय झालं मला कळलं नाही. इतर केंद्रांनी अदलाबदल उचलली नाही, एवढं कळलं.

मधल्या काळात इकडे वैष्णवीचं काय चाललं होतं? मोठ्या गावच्या शाळेतून ती एसटीनं परत आली की राऊत सर तिला तासभर घेऊन बसतात, असं कानावर आलं. ऐकलं आणि माझा संशय जागा झाला. आता हे गृहस्थ तिच्याकडून पाचवीची उत्तरं घोकून घेणार, पोरगी पास होणार आणि सहावीत पुन्हा तिथंच येणार. स्कूटी गावाबाहेर लावून एका संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

पोरगी पाटावर बसून लग्नपत्रिका वाचत होती. शेजारी फवारणीच्या औषधाची रिकामी, धुतलेली बाटली, किराण्याची पुडी, मतदानाची जुनी जाहिरात. पुस्तक एकही नाही. "आ...प्ते...ष्टां...सह," तिनं लावलं आणि सरांकडे बघितलं. सर मुद्दाम पाठ करून बसले होते.

"या मॅडम," ते न वळताच म्हणाले. त्यांना माझी चाहूल लागली असावी. "पाहून घ्या. घोकवत नाही मी. चार वर्षं पोरगी माह्या समोर होती अन् मले दिसलं नाही, याची मलेच लाज वाटते." मग जरा थांबून म्हणाले, "चहा घ्याल ना? की आधी श्रेणी लिहिता?"

मी चहा घेतला. राऊत सरांबद्दल तोवर मी मनात जे काही बोलले होते, ते सगळं त्या चहाबरोबर गिळावं लागलं.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. निकाल लागला त्या दिवशी मी मोठ्या गावच्या शाळेत गेले. वैष्णवी पास. माझा विश्वास? छे. पाचवीच्या पोरांना थोडे सवलतीचे गुण देऊन वर काढता येतं, तसं केलं असेल असं मला वाटलं. मी तिचे पेपर मागितले, प्रश्नागणिक बेरीज केली. सवलत कुठंच नव्हती. काठावर होती, पण स्वतःच्या पायावर होती. मला इतका आनंद झाला की मी तशीच सोनाळ्याच्या बाजारात गेले. त्या वारी तिथं गजाननचं दुकान लागायचं.

उन्हात पाल बांधून तो मिरचीचे ढीग लावत होता. शेजारी वैष्णवी जुन्या पेपरात कोथिंबीर गुंडाळत होती. मी लांबूनच ओरडले, "गजाननभाऊ! पोरगी पास झाली! मी स्वतः पेपर पाहिले!"

पोरीचा चेहरा फुलला. बापाचा नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, अगदी मी भाजीवाल्याच्या काट्याकडे बघते तसा.

"सांगू नका मॅडम," तो म्हणाला. "राग नका मानू. पहिले बी तुमी लोकायनंच सांगतलं होतं."

त्यानं गुंडाळायच्या गठ्ठ्यातून पेपरचा एक तुकडा ओढला. समोर एक अनोळखी बाई वांगी निवडत होती, गळ्यात कुठल्याशा कचेरीचं ओळखपत्र. "ताई, वाचता येते ना तुमाले? हे काय लिहेल आहे, माह्या कानात सांगा. हळू. पोरीले आयकू नाही गेलं पायजे." बाई गोंधळली, पण वाकून तिनं त्याच्या कानात वाचलं. तो डोळे मिटून ऐकत होता. मला मात्र त्यानं हातानंच लांब थांबवलं. एवढी वर्षं तपासणी केलेली बाई मी, आणि त्याच्या लेखी मी साक्षीदारही नव्हते. मला राग यायला हवा होता. आला नाही. डोळ्यांत पाणी आलं.

मग त्यानं तो तुकडा वैष्णवीपुढे धरला. "वाच."

पोरीनं आधी माझ्याकडे बघितलं. मी तोंड फिरवलं नाही, फिरवायला हवं होतं, पण मी हललेच नाही. तिनंच नजर काढून घेतली आणि कागदावर बोट ठेवलं. "वीज...पुर...वठा. दु...रु..." बोट थांबलं. "दुरु...स्ती...साठी. वीजपुरवठा दुरुस्तीसाठी." गजाननचे ओठ हलत होते. पुढचा शब्द त्याला ठाऊक होता आणि तो तिच्यासाठी थांबला होता. "मंगळवारी बंद राहील. ग्रा...ग्राहकांनी सह..." बाजारात कुणीतरी कांद्याचा भाव ओरडत होतं. वांगी निवडणारी बाई हात तसाच धरून उभी होती. "सहका...र्य. सहकार्य करावे."

गजाननचे ओठ तिच्याबरोबर 'करावे' म्हणून थांबले. त्यानं तो कागदाचा तुकडा शर्टच्या खिशात घातला, उपरण्यानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळला.

"हं मॅडम," तो म्हणाला. "आता सांगा. काय म्हणत होते तुमी?"

"पास झाली," मी म्हटलं.